आयजेम टीममध्ये वेब डेव्हलपरची जागा निघालीय, अर्ज करू का? बायोलॉजी दहावीनंतर पाहिलेलं नाही

सावद्याचा_पोऱ्या

दादा-ताईंनो, राम राम. जरा लांबलचक होतंय, सांभाळून घ्या.

मी जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याच संस्थेतल्या बायोटेकच्या पोरापोरींनी आयजेमसाठी टीम उभी केलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे जिवांच्या जनुकांत बदल करून नवं काम करून घ्यायच्या शास्त्राची स्पर्धा आहे. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत एमआयटीत विद्यार्थ्यांच्या एका छोट्या कोर्सपासून सुरू झाली, २००४ ला पाच टीमची स्पर्धा झाली आणि आता दरवर्षी चारशेच्या वर टीम उतरतात. शेवटचा मेळा पॅरिसला भरतो. हे सगळं मला पण आत्ताच कळलंय, नोटीस लागल्यावर.

त्यांचा विषय केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. आमच्या रावेर-यावलकडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून बांधाबाहेर नेऊन गाडायचं, दुसरा इलाज नाही. मावा तो व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. काकाच्या वावरात निम्मी लागण, म्हणजे लावलेली झाडं, उपटावी लागली होती, तेव्हा मी पण टोपल्या वाहिल्यात. टीमचं म्हणणं असं की टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप लावायच्या आधीच शेतकऱ्याला स्वस्तात तपासता आलं पाहिजे. मला हे ऐकूनच बरं वाटलं.

आता अडचण. नोटिशीत लिहिलंय, "वेब डेव्हलपर, एक जागा. रिअ‍ॅक्ट, थ्री-जेएस, अ‍ॅनिमेशन येणाऱ्यास प्राधान्य." रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं बांधायची लायब्ररी, थ्री-जेएस म्हणजे पानावर थ्रीडी चित्रं फिरवायची. फॉर्ममध्ये केलेल्या कामाची लिंक मागितलीय, आठवड्याला किती तास देणार ते विचारलंय, आणि "आमच्या प्रोजेक्टला तुम्ही काय द्याल" यावर दोनशे शब्द.

मला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं. पायथनमध्ये फ्लास्क (वेबसाईट बनवायचं साधन) थोडंफार. रिअ‍ॅक्टचे व्हिडिओ बघितलेत, त्यापुढे गाडी गेली नाही. दाखवायला कामं दोनच. एक काकाच्या कृषी सेवा केंद्राचं एक पानी संकेतस्थळ. दुसरं म्हणजे केळीच्या भावाचं पान. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रावेरचे, बऱ्हाणपूरचे भाव येतात, प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. मी तो मेसेज एका चौकोनात टाकतो, स्क्रिप्ट त्यातले आकडे वेचून तक्त्यात बसवते. वावरात रेंज कमी असते म्हणून पान हलकं ठेवलंय. दिसायला एकदम साधं, पांढऱ्यावर काळं. गावातले बरेच जण बघतात, पण ही लिंक पॅरिसच्या स्पर्धेच्या फॉर्ममध्ये टाकायची लाज वाटते भो.

रूममेट म्हणतो, "त्यांना फुकटात वेबसाईट करून पाहिजे, तू कशाला राबतो." खरंच तसं आहे का? आणि बायोलॉजीचं काय करू?

भुसावळ_जंक्शन

रूममेट निम्मा बरोबर आहे. मी पुण्यात फ्रंटएंडचं काम करतो, पोरं घेताना माझ्याकडे असे बायोडाटे येतात, म्हणून सांगतो.

पैसे मिळणार नाहीत हे धरून चाल. स्पर्धेची नुसती नोंदणी फीच काही हजार डॉलर असते, टीम स्वतःच वर्गणी गोळा करत फिरत असते. आधी हे विचार की तुझं नाव अधिकृत सदस्यांच्या यादीत जाणार की नुसतं "आभार" म्हणून कुठे तरी खाली. दोन्हीत फरक आहे. संकेतस्थळ ऑक्टोबरच्या सुमाराला पूर्ण व्हावं लागतं आणि आपल्याकडे तेव्हाच सेमिस्टर डोक्यावर असतं, हे घरी आत्ताच सांगून ठेव. आणि पॅरिसचं स्वप्न बघू नको. तिकीट कोणाचं निघतं ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

अर्जाचं म्हणशील तर रिअ‍ॅक्ट धर, सीएमव्हीच्या कणाचं फिरतं मॉडेल थ्री-जेएसमध्ये कर आणि त्याची लिंक टाक. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. भावाचं पान टाकलंस तरी चालेल, पण खाली.

पांझराकाठची

जंक्शनदादा, यादीतल्या नावाचं आणि सेमिस्टरचं अगदी बरोबर बोललात. थ्री-जेएसचं मात्र पटलं नाही.

मी धुळ्याची, कॉलेज पुण्यात केलं. तिथे आमच्या आयजेम टीमचं विकी माझ्याकडे होतं. विकी म्हणजे टीमचं संकेतस्थळ, पण त्याला साधं संकेतस्थळ समजू नकोस भाऊ. परीक्षक टीमचं काम तिथेच वाचतात. व्हिडिओ असतो, परीक्षकांसमोर बसून प्रश्नोत्तरं होतात, पण वर्षभराचं काम सविस्तर असतं ते विकीवर. लॅबमध्ये काहीही भारी केलेलं असो, विकीवर नसेल तर परीक्षकांच्या लेखी ते झालेलंच नाही. ठरलेल्या वेळेला विकी गोठवतात. त्यानंतर स्वल्पविराम पण हलत नाही.

तुझ्यासाठी चांगली बातमी अशी की नमुना फ्लास्कमध्येच मिळतो. २०२२ पासून प्रत्येक टीमला आयजेमच्या गिटलॅबवर रेपो, म्हणजे कोड ठेवायची सामाईक जागा, देतात. त्यात पायथन, फ्लास्क आणि फ्रोझन-फ्लास्क आधीच बसवलेलं असतं. तू पुश केलंस, म्हणजे बदल वर पाठवलेस, की पाईपलाईन आपोआप सगळी पानं स्टॅटिक (तयार फाइली) करून प्रसिद्ध करते. त्याआधीच्या वर्षांत मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) होतं, म्हणून जुन्या टीमच्या सूचना वाचून गोंधळू नको. रिअ‍ॅक्ट वापरायला कोणी अडवत नाही, शेवटी स्टॅटिक फाइली बाहेर पडल्या म्हणजे झालं. पण टीममध्ये रिअ‍ॅक्ट येणारा तू एकटा असलास तर परिच्छेदातलं एक चुकलेलं अक्षर सुधारायला पण सगळे रात्री अकराला तुलाच फोन करतील. साधं एचटीएमएल ठेवलंस तर दोन बायोवाल्यांना तासाभरात शिकवून मोकळा होशील. मी तेच केलं होतं, त्यातली एक तर पुढे माझ्यापेक्षा नीट टॅग बंद करायला लागली.

खरी मेख बाहेरच्या गोष्टींची आहे. सगळं आयजेमच्याच सर्व्हरवर असावं लागतं. चित्रं, फॉन्ट, पीडीएफ त्यांच्या अपलोडच्या साधनातून चढवायचं आणि मिळालेला पत्ता पानात द्यायचा. गूगल फॉन्टची ओळ टाकली, बूटस्ट्रॅप बाहेरून ओढलं, असं चालत नाही. व्हिडिओलाही त्यांचीच जागा आहे. गणिताची समीकरणं दाखवायला जी लायब्ररी घेशील तीही स्वतः चढवायची. मॉडेलिंगवाला पोरगा तुला लाटेकमध्ये पानभर समीकरणं पाठवणार हे गृहीत धर. रेपोची लिंक आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स तळाशी ठेवावं लागतं. त्याचा तुला फायदाच आहे. मागच्या वर्षांत ज्यांना उत्तम विकीचं बक्षीस मिळालं त्यांचे रेपो तळातल्या लिंकवरून उघडून बस. त्यांनी फोल्डर कसे लावलेत, चित्रांना नावं काय दिलीत, एवढं बघितलंस तरी अर्धं शिक्षण होतं.

आता तू ज्याला लाजतोस त्या भावाच्या पानाबद्दल. अरे, दहा जण दहा तऱ्हेने लिहितात, त्यातून तू एक सरळ तक्ता काढतोस, तो कमी रेंजच्या फोनवर उघडतो आणि लोक तो रोज वापरतात. विकीचं काम दुसरं काय असतं? लॅबवाले लिखाण देतात ते वर्डच्या फाइलीत, त्यावर तिसऱ्याच्या टिपा, चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवरून येऊन फुटलेली. बठ्ठं गोळा करून वेळेत, वाचता येईल असं मांडणारा माणूस त्यांना पाहिजे. नोटिशीत थ्री-जेएस लिहिलंय कारण त्यांनी दुसऱ्या टीमचं चकचकीत विकी बघितलंय, बाकी काही नाही. फिरणारा व्हायरस दोन सेकंद छान वाटतो आणि मग परीक्षक वाट बघत बसतो. त्याच्याकडे बऱ्याच टीम वाचायला असतात.

म्हणून लिंक पहिली भावाच्या पानाची दे. पान किती केबीचं आहे ते लिही. मेसेज कसा येतो आणि तक्त्यात कसा बसतो याचं एक उदाहरण शेजारी शेजारी दाखव. बायोलॉजी येत नाही याची माफी मागत बसू नकोस, ते येणारे त्यांच्याकडे भरपूर आहेत.

अमळनेरची_बायोवाली

मी लॅबच्या बाजूने लिहिते. आम्ही विकीसाठी मुलाखती घेतल्या होत्या. आलेल्या बऱ्याच जणांनी लॅपटॉप उघडून नुसते रंग दाखवले. एकाने मात्र विचारलं, "तुमच्या निकालांचं पान कोण लिहिणार आणि कधी देणार?" त्यालाच घेतलं. आधी ठरवून नव्हतं, पण तो बाहेर गेल्यावर कोणाला काही बोलावंच लागलं नाही.

बायोलॉजी शिकायची गरज नाही, पण काही गोष्टी पाठ कर. जीवाचं शास्त्रीय नाव तिरपं लिहितात. ई. कोलाय असो की केळीचं मुसा, तिरपंच. दहाचा पाचवा घात वर्डमधून चिकटवला की वरचा पाच खाली येतो आणि एकशे पाच होतो. हे डोळ्याला दिसत नाही आणि अख्खा निकाल खोटा ठरतो. मायक्रोच्या चिन्हाचाही असाच घोळ होतो, फॉन्टमध्ये नसलं की चौकोन येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेलच्या फोटोला हात लावायचा नाही. जेल म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे झालेला तो काळा-पांढरा फोटो. डिझाइनवाल्यांना तो मळकट वाटतो, मग ते कडा कापतात, उजळवतात. विज्ञानात ही फसवणूक धरली जाऊ शकते. कापायचं असेल तर लॅबवाल्याला विचारूनच, आणि मूळ फोटोही पानावर ठेवायचा. मुलाखतीत "तुमच्या आकृत्यांना मी परवानगीशिवाय हात लावणार नाही" एवढं म्हणालास तर लॅबवाले तिथेच विरघळतील.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक पट्ट्या पुसट होतात.

भुसावळ_जंक्शन

जेलचं माहीत नव्हतं, बरं झालं कळलं. तरी पहिल्या पानावर थोडी हालचाल पाहिजेच असं माझं मत आहे. सीएसएसनेही होते, जड व्हायची गरज नाही.

पोऱ्या, एक राहिलं. गिट येतं का? नुसतं "अपलोड" नाही, ब्रांच काढून जोडण्यापर्यंत. एका रेपोत चार-पाच जण हात घालणार असतील तर तिथेच मारामारी होते.

सावद्याचा_पोऱ्या

जंक्शनदादा, गिट येतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही तिघं एकाच रेपोत होतो. भांडणं झाली, पण मिटवता आली.

ताई, केबी बघितले, चौसष्ट भरले. बायोवाल्या ताई, एकशे पाचचं वाचून हबकलोच.

दोनशे शब्दांचा मसुदा केलाय. आधी मराठीत लिहिलाय, मग फॉर्मात इंग्रजीत घालीन. बघा जरा.

"नमस्कार. मला बायोलॉजी येत नाही आणि रिअ‍ॅक्टही पूर्ण येत नाही, तरी मी प्रामाणिकपणे मेहनत करीन. मी सावद्याजवळच्या केळी उत्पादक घरातला आहे. सीएमव्हीमुळे झाडं उपटताना मी स्वतः होतो. मी केळीच्या भावाचं पान चालवतो. ग्रुपवर कसेही लिहून येणारे भाव ते तक्त्यात मांडतं. पान चौसष्ट केबीचं आहे, वावरातल्या रेंजवर उघडतं. फ्लास्क आणि गिट येतं. मी विकी साधं आणि वेगवान ठेवीन, कोणालाही बदल करता येतील असं. मजकूर केव्हा कोणाकडून यायचा याचा तक्ता पहिल्याच आठवड्यात लावीन. तुमच्या आकृत्यांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तुम्ही रावेर, यावलच्या शेतकऱ्यांशी बोलायला जाल तेव्हा मी सोबत येऊ शकतो, आमच्याकडची बोली मला येते. आणि ते शेतकरी जे सांगतील ते त्यांनाही वाचता यावं म्हणून विकीवर एक पान मराठीत करायची माझी इच्छा आहे."

शेवटचं वाक्य रात्री सुचलं. चालेल का, की आगाऊपणा वाटेल?

पांझराकाठची

पहिलं वाक्य काढ. पूर्ण. "मी केळी उत्पादक घरातला" इथून सुरू कर. बाकी जवळपास तसंच पाठव.

मराठी पानाचं सोडू नकोस. आयजेममध्ये ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्याशी बोललात का, त्यांचं ऐकून प्रोजेक्टमध्ये काय बदललंत, हे तपासतात. त्याला ह्यूमन प्रॅक्टिसेस म्हणतात, रौप्यपदकाच्या निकषांत ते असतं. टीम शेतकऱ्यांकडे जाणारच, पण गेलेल्यांपैकी कितींना गावाकडचं बोलणं नीट कळेल? "लागण" कशाला म्हणतात, हे विचारत बसतील. तू तिथे बसलेला असणं ही संकेतस्थळाइतकीच मोठी मदत आहे. परीक्षकांचा मुख्य मजकूर इंग्रजीतच राहील, मराठी पान त्याला जोडून दे, त्याच्या जागी नको.

फक्त ते कसं करणार हे मुलाखतीत विचारतील, तयार राहा. देवनागरी फॉन्ट तुला चढवावा लागेल. "मुक्त" नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी घे, दोन्ही खुल्या लायसन्सचे आहेत. दोन वजनं पुरे, साधं आणि ठळक, नाही तर तुझे चौसष्ट केबी कुठल्या कुठे जातील. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं लिही, स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते लागतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, नाही तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. आणि शेतकऱ्याचं नाव, फोटो टाकायच्या आधी त्याची लेखी संमती घ्या. विकी एकदा गोठलं की नाव काढता येत नाही आणि ते जगभर कोणालाही दिसतं.

अमळनेरची_बायोवाली

"मजकूर केव्हा कोणाकडून" ते वाक्य वर आण. टीमच्या सरांनी वाचलं तर त्याच वाक्यावर बोट ठेवतील.

सावद्याचा_पोऱ्या

पहिलं वाक्य काढलं, ते वर आणलं. काकाला विचारलं, तो म्हणे आपल्या वावरात या म्हणा त्यांना, चहा पाजू.

एकच अडलंय. "आठवड्याला किती तास" इथे काय लिहू? तीस लिहिले तर खोटं होईल, पाच लिहिले तर घेणार नाहीत.

भुसावळ_जंक्शन

एक आकडा लिहू नको. एरवी आठ ते दहा, अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात शून्य, गोठवण्याच्या आधीचा महिना जास्त, असं वाक्य लिही. परीक्षेच्या तारखा कंसात टाक. आमच्याकडे असं लिहिणाऱ्याला आम्ही आधी बोलावतो.

पांझराकाठची

आणि गोठवायची वेळ परदेशी घड्याळात येईल. ती भारतीय वेळेत करून ग्रुपवर वर चिकटव, आणि टीमची स्वतःची शेवटची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची धर. शेवटच्या तासात सगळ्या जगाची पोरं एकदम पुश करत असतात, तेव्हा तुझी पाईपलाईन रांगेत असेल. जा, फॉर्म भर आता.